तटातल्या संडासांची थोरवी

किल्ला बघायला आलेला माणूस होडीतून उतरला की आधी मान वर करतो, मग तोंड उघडतो, मग फोन काढतो. अठरा वर्षं मी हा क्रम बघतो आहे, तो कधी चुकलेला नाही. तोंड उघडं असतानाच माणसाला गाठायचं, हे आमच्या धंद्यातलं मर्म. एकदा फोन निघाला की गिऱ्हाईक गेलं.

मी गाईड आहे. छातीवर बिल्ला आहे, आणि बिल्ल्यावरचा फोटो इतका जुना आहे की लोक विचारतात, "हे तुमचे चिरंजीव का?" त्याआधी मी दशावतारात राक्षस करायचो. गुडघे बोलायला लागले तेव्हा राक्षसपणा सोडला आणि इतिहासाकडे वळलो. फार काही बदललं नाही. इथेही मोठा आवाज लागतो, आणि इथेही शेवटी माझाच जीव जातो. किल्ल्याचं नाव मात्र सांगत नाही. आमच्या किनाऱ्यावर पाण्यातले किल्ले काही कमी नाहीत. ओळखणारा ओळखेल, आणि उद्या एखाद्या कचेरीचं पत्र आलंच, तर मला म्हणता येईल की तो मी नव्हे, तो पलीकडचा.

माझा खेळ दरवाजापासून सुरू होतो. दरवाजा कसा वळणात लपवला आहे, होडी अगदी नाकाशी येईपर्यंत कसा दिसत नाही, हे आधी. मग तटाच्या पायात ओतलेलं शिसं. पहिल्या वर्षी एकाने विचारलं, "किती शिसं ओतलं असेल हो?" मी खरं सांगितलं, माहीत नाही. बिचाऱ्याचा चेहरा असा पडला, जणू मी त्याचे आजोबा गेल्याचं कळवलं. दुसऱ्या दिवसापासून मी आकडा सांगू लागलो. दर हंगामाला आकडा वाढत गेला. एका दिवाळीच्या सुट्टीत तो असा काही वाढला की घाटावरच्या एका मास्तरांनी वहीत गणित मांडून दाखवलं: एवढं शिसं इथे असतं, तर बेट केव्हाच बुडालं असतं. तेव्हापासून मी "अमाप" म्हणतो. अमापला गणित चालत नाही.

पण हुकमाचा एक्का शेवटी काढायचा. सगळ्यांना तटावर चढवायचं, एका वळणापाशी थांबवायचं आणि जाड भिंतीच्या पोटात कोरलेली एक अरुंद खोली दाखवायची. माणूस बसेल एवढीच जागा, खाली दगडात भोक, आणि भोकातून भिंतीबाहेर उतरत जाणारा उतार.

"ओळखा, हे काय?"

"तोफेची जागा?"

"नाही."

"दारू ठेवायचं कोठार?"

"नाही."

एकदा एका नव्या सुनेने भक्तिभावाने हात जोडले होते. तिच्याकडे बघून सासूनेही जोडले. मी ते जोडलेले हात मनसोक्त बघून घेतले आणि मग, राक्षसाच्या वेळचा आवाज काढून, म्हटलं, "संडास!"

मग माझं व्याख्यान. मंडळी, तट कोणीही बांधतो. ज्याच्यापाशी दगड आहेत आणि पोटात भीती आहे, त्याने बांधलाच. गोव्यात फिरंग्यांनी केवढाली चर्चं उभी केली. शाळेची सहल घेऊन आलेल्या एका ख्रिस्ती बाईंनी मला सांगितलं होतं की त्यांची आजी म्हणायची, आत गेलं की आधी मान दुखते आणि मग आपली पापं आठवतात. इंग्रजाने टेकडीवर डाक बंगला बांधला, त्याच्या व्हरांड्यातून खालचा गाव मुंग्यांसारखा दिसतो. बांधणाऱ्याला जे हवं होतं ते दगड बरोबर सांगतो. आता ही खोली बघा. तट उभा राहत असताना कोणीतरी थांबून विचार केला आहे, की ह्या वळणावर रात्रंदिवस एक शिपाई उभा राहणार, त्याच्या हातात भाला असेल आणि अंगात पोटही असेल. त्याला पहारा सोडून जायला लागू नये. ज्या राज्याने भिंत बांधताना शिपायाच्या पोटाची सोय बघितली, ते राज्य सोपं नव्हतं, मंडळी! साम्राज्याची ताकद बघायची तर बुरुज मोजत बसू नका, संडास मोजा!

टाळ्या. हमखास. एक निवृत्त न्यायाधीश तर उभं राहून टाळ्या वाजवत होते. बसायला जागा नव्हती हेही खरं.

ह्या टाळ्या खाली दरवाजाच्या आतपर्यंत ऐकू जायच्या, आणि तिथे माझी थोरली बहीण बसायची. आम्ही तिला बाय म्हणतो. सासूच्या मागे तिने ती जागा धरली. कोकमाचं सरबत, आवळ्याचं सरबत, उन्हाळ्यात शहाळी. पावसाचे चार महिने होडी बंद, बाकीचे आठ महिने पहिल्या होडीने यायचं आणि शेवटच्या होडीने जायचं. मी तिच्याकडे दिवसातून चार वेळा सरबत प्यायचो. तिला स्वतःला मात्र घोटभर पाणी पिताना मी कधी पाहिलं नव्हतं, आणि पाहिलं नव्हतं हेही मला ठाऊक नव्हतं.

दोन वर्षांमागे, ऐन हंगामात, ती एका गिऱ्हाइकाला सुटे परत देताना पोट धरून खाली बसली. होडीवाल्यांनी उचलून नेली. डॉक्टरांनी फोटो काढले आणि म्हणाले, मुतखडा. हा दुसरा. पहिला तिने घरच्या घरी, कोणाला न सांगता, कुळथाच्या कढणावर काढला होता.

"आजी, तुम्ही पाणी पिता की नुसतं विकता?" डॉक्टरांनी विचारलं.

"डॉक्टरांनू, पियालंय तर जातलंय खंय?" बाय म्हणाली.

डॉक्टरांना कळलं नाही. मला कळलं, आणि मी खिडकीबाहेर बघायला लागलो.

पूर्वी किल्ल्यावर बायकांना जायचं सोपं होतं म्हणे. ओहोटीला तटामागे खडकांत आडोसा मिळायचा. आता आडोशाच्या वर ड्रोन घिरट्या घालतं. किल्ल्यावर बसणाऱ्या सगळ्याच बायकांनी मग एक रीत पाडली होती: सकाळी घरून निघताना जाऊन यायचं, दिवसभर ओठ ओले करण्यापुरतं प्यायचं, आणि अगदीच झालं तर शेजारणीला दुकान बघायला सांगून मधल्या होडीने घरी जाऊन यायचं. बाय मधल्या होडीने कधी गेली नाही. दुकान दुसऱ्याच्या हातात देणं तिला मुतखड्याहून जड वाटायचं.

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. तासातासाला पाणी, नाहीतर किल्ला बंद. आणखी एक खडा झाला तर मूत्रपिंड ऐकणार नाही. लेक-जावई दोडामार्गाला असतात, त्यांनी लगेच खोली झाडून ठेवली.

"थंय काय करू?" बाय मला म्हणाली. "रबराच्या झाडांक बघीत बसू? झाड बोलता? गिऱ्हाईक येता?"

"बाय, जीव मोठो का दुकान मोठा?"

"ता माका विचारू नको. तू राजाचे संडास दाखवतंस ना लोकांक? टाळये घेतंस ना? मेल्या, तीनशे वर्सांपाठी मेलेल्या शिपायाच्या पोटाची तुका केवढी काळजी! भैण खाली बसलेली आसा, तिका पोट आसा की नाय, ता कधी मोजलंस?"

दशावतारात मला कित्येकदा मारलं होतं, लाकडी तलवारीने. हे तसं नव्हतं.

आता तुम्ही म्हणाल, त्या जुन्या खोल्याच वापरायच्या. तेवढं पाप आमच्यापैकी कोणी करणार नाही. ते दगड आता देवाच्या पंगतीला जाऊन बसले आहेत, त्यांना फक्त बघायचं. आणि तशी गरजही नव्हती, कारण किल्ल्यावर नवा संडास होता! दरवाजापासून पन्नास पावलांवर, तटाला शोभावा म्हणून जांभ्या दगडासारख्या दिसणाऱ्या फरश्या लावलेला, महिला आणि पुरुष अशा दोन कमानी असलेला. कमानीसुद्धा ऐतिहासिक घाटाच्या. तो बांधून तीन वर्षं झाली होती आणि तीन वर्षं त्याला कुलूप होतं.

चावी होती ती किल्ला सांभाळणाऱ्या खात्याच्या एका गृहस्थांकडे. मूळचे आचऱ्याकडचे, स्वभावाने अत्यंत सज्जन. इस्त्रीचा शर्ट घालून होडीत बसायचे, तेही रुमाल अंथरून. घरी माझ्यासारखीच मालवणी बोलत असणार, पण कमरेला चाव्यांचा जुडगा लागला की त्यांच्या तोंडात छापील मराठी यायची. बायला घरी सोडून मी थेट त्यांना गाठलं.

"भाऊ, बांधकाम पूर्ण आहे," ते म्हणाले. "ताबा अपूर्ण आहे."

"म्हणजे?"

"ठेकेदाराने दिलेलं नाही, आम्ही घेतलेलं नाही. वास्तू सध्या मधल्या मध्ये आहे."

"मग चावी तुमच्याकडे कशी?"

"सुरक्षिततेसाठी."

"कोणाच्या?"

त्यांनी प्रामाणिकपणे विचार केला. "कुलपाच्या," ते म्हणाले.

मी अर्ज केला. अर्जाला उत्तर आलं की अर्ज मिळाला. किल्ल्यावरच्या सगळ्या बायकांच्या सह्या-अंगठे घेऊन दुसरा केला. बाय डॉक्टरांना न जुमानता परत येऊन बसली होती. तिने अंगठा देताना एवढंच सांगितलं, "शिमगो झालो की मी जातंय दोडामार्गाक. तोपर्यंत काय ता कर." रोज सकाळी मी तिच्यासमोर पाण्याची बाटली ठेवायचो. रोज संध्याकाळी ती तशीच्या तशी, तोंडाशी दोन बोटं कमी.

शिमग्याला महिना राहिला असेल. खात्याने किल्ल्यावर एक फलक लावायचं ठरवलं. भलाथोरला, तीन भाषांतला, मथळा "साम्राज्याचे सामर्थ्य". त्यात तटाची लांबी, उंची, रुंदी, सगळं होतं. संडासांबद्दल एक अक्षर नव्हतं, जुन्याही नाही आणि नव्याही नाही. उद्‌घाटनाला मोठे साहेब येणार होते. ते नागपूरकडचे. त्यांनी आधीच कळवलं होतं की नारळ फोडण्यापूर्वी इथली काही स्थानिक परंपरा असेल तर ती व्हावी.

स्थानिक परंपरा म्हणजे गाऱ्हाणं. आमच्याकडे कुठलंही काम असो, नवी होडी असो की पोराची परीक्षा, नारळ ठेवून देवाला मोठ्याने सगळं सांगायचं. सांगणारा एक, आणि प्रत्येक वाक्याला जमलेल्यांनी एका सुरात म्हणायचं, "व्हय महाराजा!" आम्ही हे आईच्या मांडीवरून ऐकत आलेलो असतो. गाढ झोपेतल्या मालवणी माणसाच्या कानात "बा देवा" म्हणून बघा, तो न उठता "व्हय महाराजा" म्हणेल. हे उत्तर डोक्यापर्यंत जातच नाही, घशातच तयार असतं. आणि एकदा म्हटलं की म्हटलं. देवासमोर दिलेला होकार मागे घ्यायची सोय आमच्याकडे नाही.

गाऱ्हाणं घालायचं काम कोणाकडे आलं असेल? ज्याचा आवाज मोठा, त्याच्याकडे.

किल्ल्यातल्या देवीच्या देवळापुढे सगळे जमले. साहेब, त्यांची माणसं, होडीवाले, दुकानवाल्या बायका, आणि साहेबांच्या उजव्या हाताला, इस्त्रीच्या शर्टात, चावीवाले गृहस्थ. बाय दुकान सोडून आली नव्हती, पण तिथून सगळं ऐकू जात होतं. खोटं कशाला सांगू, मी काही ठरवून गेलो नव्हतो. नारळ ठेवला, हात जोडले, आणि समोर चाव्यांचा जुडगा उन्हात लकाकला.

"बा देवा महाराजा!"

"व्हय महाराजा!"

"ह्या बेटाच्या राखणदारा, चारी वाटेच्या मायबापा! आज ही तुझी लेकरां तुझ्या पायाकडे जमली आसत, महाराजा!"

"व्हय महाराजा!"

"लांबसून इलेल्या सायबांका बरी बुद्धी, बरा आयुष्य दी, आणि तेंची होडी सुखरूप काठाक लाव, महाराजा!"

"व्हय महाराजा!"

साहेबांना मजा येत होती. तिसऱ्या वेळी तेही म्हणाले. चावीवाले गृहस्थ डोळे मिटून, हात जोडून, तल्लीन. त्यांचा आवाज सगळ्यांत खणखणीत. लहानपणी भजनात असणार.

"आणि महाराजा, ह्या किल्ल्यार बायलमाणसांसाठी बांधलेलो संडास आसा, तेका तीन वर्सां कुलूप आसा, महाराजा!"

"व्हय महाराजा!"

"तेची चावी ज्याच्या कमरेक आसा, तेच्याच हातान, आजच्या आज, ह्या नारळाचा पाणी सुकायच्या आत, ता कुलूप उघडून घे, महाराजा!"

"व्हय महाराजा!" सगळ्यांत मोठा आवाज चावीवाल्यांचा.

"आणि तेणा उघडूक नाय, तर जी कळ आमच्या बायलमाणसांच्या पोटात येता, तीच कळ, दुप्पट करून, तेच्या पोटात येऊ दी, महाराजा!"

"व्ह-य म-हा-राजा!"

शेवटचा "राजा" म्हणता म्हणता त्यांचे डोळे उघडले. मी रंगभूमीवर पुष्कळ चेहरे पाहिले आहेत, पण स्वतःच्याच तोंडाने स्वतःचा वध झालेला चेहरा तो पहिला. त्यांचा उजवा हात आधी चाव्यांकडे गेला, मग पोटाकडे. मागून एका होडीवाल्याचं हसू फुटलं आणि मग कोणी कोणाला आवरेना.

"काय झालं? काय म्हणाले ते?" साहेबांनी विचारलं. मालवणी त्यांना कळत नव्हती. त्यांनी विचारलं कोणाला, तर शेजारच्या गृहस्थांना.

"सर, ते..." गृहस्थांनी घाम पुसला. "स्वच्छतागृहाच्या ताब्याबाबत देवीकडे निवेदन सादर झालं."

"बरं. मग?"

"त्यास उपस्थितांनी अनुमती दिली."

"तुम्ही पण दिली का?"

"मीही दिली सर."

"आणि शेवटी ते पोटाचं काय होतं? तुम्ही पोटाला हात लावला म्हणून विचारतो."

"ते... कालमर्यादेबाबत होतं."

साहेब माणूस बरा होता. त्याने नारळाकडे पाहिलं, मग संडासाच्या कमानीकडे पाहिलं. "देवासमोर हो म्हटलं नं? मग उघडा नं."

निघाली वरात. पुढे चावीवाले, मागे साहेब, मागे आम्ही. फलकावरचा पडदा तसाच राहिला. गृहस्थांनी जुडग्यातून बरोबर चावी काढली, कुलपात घातली. ती अर्धी गेली आणि थांबली. त्यांनी ती हलवली, फुंकली, पुन्हा घातली. खारं वारं तीन वर्षं काम करत होतं. आतून कुलूप म्हणजे गंजाचा एक गोळा झाला होता. इतके दिवस ज्या चावीची राखण चालली होती, तिने ते कधीच उघडलं नसतं.

"बाजूक व्हा," आमचा थोरला होडीवाला म्हणाला, आणि त्याने किनाऱ्यावरचा एक काळा दगड आणला. तीन घाव. कुलूप शाबूत राहिलं, कडीच दारातून स्क्रूसकट निघून हातात आली. आत एक कबूतर होतं, ते साहेबांच्या डोक्यावरून उडून गेलं. भांड्यावर दुकानातला चिकटपट्टीचा कागद अजून तसाच. नळ होता, नळाला पाणी नव्हतं. पाणी मात्र ह्या बेटावर कधीच कमी नव्हतं. चारी बाजूंना खारा समुद्र आणि मधल्या विहिरीत गोडं पाणी, हे तर मी रोज पर्यटकांना आवाज चढवून सांगतो. दोघी-तिघी बायका कळशा आणायला गेल्यासुद्धा.

मी धावत बायकडे गेलो. वाटलं, डोळ्यांत पाणी असेल.

"माझ्या पोटातली कळ देवाक सांगूची काय गरज होती रे? आता साऱ्या गावाक कळली!"

"बाय, तुझा नाव खंय घेतलंय मी?"

"नाव कित्याक व्हया? हयसर पोटदुखी म्हणजे मीच, ता कोणाक ठावक नाय?" मग तिने पदर खोचला, दुकानासमोर पहिल्यांदाच फळी आडवी लावली आणि कळशी घेऊन निघाली. परत आली तेव्हा पाऊण तास झाला होता. झाडलं, धुतलं, घासलं, आणि शेवटी स्वतः वापरून आली. आल्यावर तिने मी सकाळी ठेवलेली बाटली उचलली.

दुसऱ्या दिवशी चावीवाले गृहस्थ पहिल्या होडीने आले. हातात नवं पितळी कुलूप, दोन चाव्या, सोबत सुतार. मी पोटाची चौकशी केली, ती त्यांनी ऐकली नाही. त्यांनी एक चावी बायच्या हातात दिली आणि छापील मराठीत म्हणाले, "कागद होईपर्यंत हा तोंडी ताबा समजा." मग आजूबाजूला कोणी नाही बघून, हळूच, "बाये, तुझ्या भावाक सांग, ता कळीचा मागे घेवक. दोन दिस जेवण जाऊक नाय."

"तो काय मागे घेता?" बाय म्हणाली. "आठ दिस उघडा ठेय, मगे आपोआप जातली."

कागद अजून झालेला नाही. शिमगा आला आणि गेला, दोडामार्गची खोली रिकामीच आहे. खडा पुन्हा झाला नाही, परवाच डॉक्टरांनी फोटो काढून सांगितलं. चावी बायच्या दुकानाच्या खिळ्यावर आहे, आणि तिने तिथे असं राज्य चालवलंय की विचारू नका. पाय धुतल्याशिवाय चावी नाही. परत देताना तिच्यासमोर उभं राहून, कळशी भरून ठेवली का, ह्याचं उत्तर द्यावं लागतं. साम्राज्यांवर व्याख्यान देणारे आम्ही, आमची पाळी रोज सकाळची. बिल्ला लावायच्या आधी विहिरीवरून दोन कळशा ओढून आणायच्या. राक्षसाच्या गुडघ्यांनी.

मी कळशा टेकवून धापा टाकत उभा असतो. पहिली होडी लागलेली असते, माणसं माना वर करून दरवाजा शोधत असतात. बाय तांब्या भरून घेते आणि माझ्याकडे बघत, अगदी सावकाश, एका दमात सगळा रिकामा करते. मग तोंड पुसून म्हणते, "हां. आता जा. सांग तेंका काय सांगूचा ता."